पेशव्यांचा गेंडा कुठे सापडतो? घरबसल्या जगभरची संग्रहालयं आणि दफ्तरखाने धुंडाळण्याची पहिली वाट

१७९० सालच्या नोव्हेंबरात पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. गंगाराम चिंतामण तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने त्याचं जलरंगातलं चित्र काढलं. पुण्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम काम करत असे. आज हे चित्र अमेरिकेत, न्यू हेवन गावातल्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संग्रहालयात आहे, आणि ते बघायला व्हिसा लागत नाही. संग्रहालयाच्या साइटवर चित्र मोठं करून गेंड्याच्या कातडीच्या घड्याही मोजता येतात.

मला मात्र ते पहिल्या दिवशी मिळालं नाही. मी सर्च बॉक्समध्ये ‘पुणे’ लिहिलं, आजच्या सरकारी स्पेलिंगात. मग ‘पेशवा झू’ असा एक अचाट प्रयोग केला. हाती काही लागेना. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवलं म्हणून जुन्या पद्धतीने ‘पूना’ टाइप केलं आणि पानभर चित्रं धबाधबा खाली आली. चित्राच्या नावात ‘पूना’ होतं, ‘मिनॅजरी’ म्हणजे प्राणिसंग्रह होतं. माझे शब्द तिथे नव्हतेच.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो. या साइट्स गूगलसारख्या चतुर नाहीत. नोंद करणाऱ्या कारकुनाने किंवा अभ्यासकाने जे शब्द लिहिले, तेवढेच त्यांना ठाऊक असतात. तेव्हा आपल्याला त्याच्या डोक्यात शिरावं लागतं.

आधी प्रश्न छोटा करा

‘मराठ्यांचा इतिहास’ असं लिहून शोधायला बसलात तर तासाभरात कंटाळाल. ‘आमच्या गावाजवळच्या किल्ल्याचं जुनं चित्र कुठे आहे का’ किंवा ‘मुंबईच्या प्लेगच्या वेळचे फोटो बघायचे आहेत’ असा प्रश्न घ्या. एक जागा, एक माणूस, एक वस्तू किंवा एक घटना पुरे. पहिल्या महिन्यात दोन प्रश्न घेऊ नका. वही फार भरते आणि कुठलं काय ते कळेनासं होतं.

हे ठरलं की दुसरा विचार करा: मला वस्तू हवी आहे की कागद? संग्रहालयाच्या साइटवर एक नोंद म्हणजे एक वस्तू: एक चित्र, एक तलवार, एक पैठणी. दफ्तरखान्याच्या साइटवर एक नोंद म्हणजे बहुधा एक फाइल किंवा एक अख्खं बाड, आणि त्यात शंभर पानं असू शकतात. नवे लोक दोन्हीकडे एकाच पद्धतीने शोधतात आणि दफ्तरखान्यात हमखास अडतात. त्याबद्दल पुढे.

स्पेलिंगांची यादी: इथे घाई करू नका

इंटरनेट उघडण्याआधी कागदावर यादी करा. विजयदुर्गाचं उदाहरण घेऊ. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला आणि आरमार जाळलं. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने त्यावर काढलेलं तैलचित्र लंडनच्या ग्रीनिच भागातल्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. पण चित्राच्या नावात विजयदुर्ग नाही. तिथे आहे ‘गेरिया’: जी-ई-आर-आय-ए-एच. किल्ल्याचं जुनं नाव घेरिया. इंग्रजांनी तेच कधी ‘एच’ घालून, कधी न घालता लिहिलं. आणि आंग्रे तिथे ‘आंग्रिया’ असतात. सुवर्णदुर्गाचं तर ‘सेव्हर्नड्रूग’ झालंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते इंग्लंडातल्या एखाद्या खेड्याचं नाव वाटलं होतं.

अशी काही रूपं हाताशी ठेवा. ठाणे म्हणजे ‘टॅना’, दोन ‘एन’ घालून. बाणकोट कधी ‘बँकूट’, कधी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. खडकी म्हणजे ‘किरकी’. अहमदनगर, औरंगाबाद यांत ‘यू’ घुसवून बघा. मराठा हा शब्द अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत बऱ्याचदा ‘महरट्टा’ असतो: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. वेरूळ शोधू नका, ‘एलोरा’ शोधा. अजिंठ्याला ‘अजंटा’, आणि जुन्या नोंदींत ‘ए’च्या जागी ‘यू’.

माणसांची नावं याहून फसवी. शिंदे म्हणजे ‘सिंदिया’, सुरुवातीला ‘एससी’ किंवा नुसता ‘एस’. गायकवाड ‘गायकोवार’. नाना फडणीसांच्या आडनावाची तर पाच-सहा रूपं निघतात, ‘फर्नवीस’ त्यांतलं एक. सवाई माधवराव कधी ‘माधू राव नारायण’ म्हणून बसलेले असतात. ते नारायणरावांचे चिरंजीव, त्यामुळे नाव बरोबरच आहे, पण सवाई हा शब्द घालून शोधलंत तर ते भेटत नाहीत. माझा आवडता सापळा म्हणजे नागपूरकर भोसले. कंपनीच्या कागदांत त्यांना ‘राजा ऑफ बेरार’ म्हणत. भोसले हे आडनाव कितीही प्रकारे लिहा, ही पत्रं निसटतात.

इंग्रजी संपली की पोर्तुगीज आणि डच. पोर्तुगीज कागदांत मुंबई म्हणजे ‘बोंबाइं’ आणि वसई ‘बासाइं’. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या साइटवर गोव्याचे कागद शोधायचे तर ही रूपं हवीतच. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, तिची नोंद ‘विंगुर्ला’ अशी, ‘डब्ल्यू’ने सुरू होणारी. शिवाजी महाराजांचं नाव इंग्रजी वखारींच्या पत्रांत ‘सेवाजी’च्या वळणाने येतं, पोर्तुगीजांतही तसंच, फक्त शेवटचं अक्षर बदलतं.

एवढी यादी जमत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. बऱ्याच साइटवर शब्दाच्या शेवटी फुलीसारखी चांदणी टाकली की पुढची अक्षरं काहीही चालतात. ‘महर’ लिहून चांदणी टाका, तीन स्पेलिंगं एकदम येतील. देवनागरीत मात्र परदेशी साइटवर सहसा काही मिळत नाही, आणि आपल्या सरकारी साइटवरही नोंदी बहुतेक इंग्रजीतच आहेत. याची चीड येते, पण तूर्त तसंच आहे.

कुठून सुरू करायचं

सुरुवातीला एकाच साइटवर रुळावं. मी नव्यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची साइट सुचवतो, ते ‘द मेट’ म्हणून ओळखलं जातं. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांनी हक्कमुक्त कलाकृतींचे पावणेचार लाख फोटो कुणालाही, कशासाठीही वापरायला मोकळे केले. डाव्या बाजूच्या किंवा वरच्या गाळण्या (फिल्टर) वापरायला शिकायला ही साइट बरी: भूभाग, काळ, वस्तूचा प्रकार, आणि फक्त फोटो असलेल्या नोंदी. ‘डेक्कन’ लिहून ‘पेंटिंग’ची गाळणी लावा आणि एक संध्याकाळ नुसतं बघा. काही शोधू नका. हात बसू द्या.

मग आपल्या जवळचं काही हवं असेल तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. साडी, दागिने, भांडी, मुंबईच्या कलाशाळेची कामं, सगळं तिथे. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सेन अल्बम नावाचा चित्रसंग्रह आहे. निकोलास विट्सेन हा अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यात तयार झालेली भारतीय राज्यकर्त्यांची छोटी चित्रं त्याच्याकडे होती, आणि त्यांत शिवाजी महाराजांचं चित्र आहे. शाळेच्या पुस्तकातल्या छबीशी ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत.

ब्रिटनमधलं तैलचित्र हवं असेल आणि ते नेमकं कोणत्या संग्रहालयात आहे ते माहीत नसेल तर ‘आर्ट यूके’ बघा. तिथल्या अनेक संस्थांची चित्रं एकाच सर्च बॉक्समधून मिळतात.

आपल्याकडचं ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे पोर्टलही उघडा. त्यामागचं ‘जतन’ हे सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅकने बनवलं. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग यांच्याबरोबर जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही त्यात आहे. शोधायची सोय थोडी रांगडी आहे. मी शब्द टाकत बसत नाही, संग्रहालय निवडतो आणि मग प्रकार निवडून पानं चाळतो.

नोंद खालपर्यंत वाचायची

चित्र दिसलं की लोक डाउनलोड करतात आणि निघतात. खरा माल चित्राखाली असतो.

टेट गॅलरीत टॉमस डॅनियलचं एक मोठं चित्र आहे. पुण्याचा दरबार, पेशव्यांशी करार करणारा मॅलेट, भोवती सरदारांची दाटी. समाजमाध्यमांवर ते ‘१७९० चा पुणे दरबार’ म्हणून फिरतं. नोंद वाचा. करार १७९० चा, चित्र १८०५ चं. हे काम आधी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडे होतं. १७९५ मध्ये तो वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने पुढे इंग्लंडात चित्र पुरं केलं. म्हणजे पगड्या आणि चेहरे पाहून कुणी ‘हे डोळ्यांदेखत काढलंय’ म्हणाला तर त्याला थांबवायचं. घटनेचं साल आणि वस्तूचं साल वेगळं असतं, आणि ही चूक मी मी म्हणणारे करतात.

नोंदीतले काही शब्द ओळखीचे करून घ्या. ‘सर्का’ म्हणजे साल अंदाजे. ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे अभ्यासकांना तसं वाटतं, सही नाही. ‘आफ्टर’ अमुक म्हणजे त्याच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेली नक्कल. नवा माणूस इथे नक्की फसतो, त्याला वाटतं नंतरच्या काळातलं. ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणजे वस्तू कुणाकुणाच्या हातातून इथवर आली त्याची साखळी. ही साखळी मी आधी वाचतो. लूट, लिलाव, भेट, विधवेने विकलं, सगळं तिथे दोन ओळींत असतं.

आणि नोंदणी क्रमांक. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधल्या अकबरनाम्याचा क्रमांक आहे ‘आय.एस. २:१८९६’. आय.एस. म्हणजे इंडियन सेक्शन, आणि १८९६ हे वस्तू संग्रहालयात आल्याचं साल. ते चित्राचं साल नव्हे! हा क्रमांक वस्तूचं आधारकार्ड समजा. नाव बदलेल, लिंक तुटेल, साइटचं रूपडं पालटेल, क्रमांक तोच राहील.

त्याच संग्रहालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला आहेत. त्यांची नोंद वाचली की एक लांबलचक कहाणी उलगडते. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा अजिंठ्याला जाऊ लागले. त्यांची कामं लंडनला गेली, आणि १८८५ मध्ये तिथे पुन्हा आग लागली, त्यांतलीही बरीच गेली. उरलेल्यांपैकी काही आज पडद्यावर मोठी करून बघता येतात. कलाकाराच्या जागी एखाद्या मराठी किंवा पारशी विद्यार्थ्याचं नाव दिसलं तर त्यावर क्लिक करा. एका नावावरून दुसऱ्या कामावर, तिथून तिसऱ्यावर, अशी खरी भटकंती इथूनच सुरू होते.

दफ्तरखाना: विषय नको, खातं विचारा

आता कागद. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल २०१५ मध्ये सुरू झालं. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. इथे संग्रहालयाची सवय विसरायची. वस्तू विषयाने मांडता येते. सरकारी कागद मात्र तो ज्या खात्यात तयार झाला तिथेच राहतो. म्हणून ‘हे कुठल्या विषयाचं’ असं न विचारता ‘हे काम तेव्हा कुठल्या साहेबाच्या टेबलावर आलं असेल’ असं विचारा.

प्लेगचंच घ्या. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, पुढे पुण्यात रँडचा खून झाला. हे कागद एका जागी मिळणार नाहीत. साथीची व्यवस्था गृह खात्याच्या आरोग्य शाखेत. खुनाचा तपास आणि वृत्तपत्रांवरची नजर त्याच खात्याच्या दुसऱ्या शाखांत. नुसतं ‘प्लेग’ लिहिलं तर देशभरचा ढिगारा अंगावर येतो. आधी खातं, मग शाखा, मग साल, आणि सगळ्यात शेवटी शब्द, या क्रमाने गाळत जा. चापेकर हे नावही एक ‘एच’ घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे टाका.

एक चांगली फाइल सापडली की तिच्या मागच्या आणि पुढच्या क्रमांकाच्या फाइली उघडा. कारकुनाने त्या शेजारी ठेवल्या, त्याला काहीतरी कारण असतं. मला सर्वांत कामाचे कागद असेच, शेजारच्या फाइलीत मिळालेत.

प्लेगचे फोटो मात्र लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये बघा. हा मुळात वैद्यकाच्या इतिहासाचा संग्रह. १८९७ मधल्या मुंबईच्या प्लेग समितीच्या कामाचे फोटो, कॅप्टन मॉस याच्या नावावर असलेले, तिथे आहेत. रुग्णालयं, तपासणी, घरं धुणारी पथकं. एकेक फोटो उघडून माणसांचे चेहरे मोठे करून बघा. वाचून जे कळत नाही ते तिथे दिसतं.

आणखी एक अनपेक्षित दार सांगतो. कतार डिजिटल लायब्ररी. इराणी आखातातल्या इंग्रज रेसिडेंटचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. त्यामुळे बुशहर, मस्कत आणि मुंबई यांच्यातला पत्रव्यवहार, मुंबईच्या आरमाराचे नकाशे, असं बरंच लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरातून स्कॅन होऊन तिथे चढलंय. पानं स्वच्छ आहेत, आणि इंग्रजी वर्णनं इतकी नीट की नव्या माणसाने दफ्तर वाचायची तालीम तिथेच करावी.

आणि आपलं पेशवे दफ्तर? पुण्याच्या पुराभिलेखागारात ते रुमालांत बांधून ठेवलेलं आहे, हजारोंनी, आणि बहुतेक मोडीत. लॅपटॉपवर बसून ते दफ्तर हाती लागेल अशी आशा धरू नका. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात पंचेचाळीस खंडांत छापले, ते खंड जुन्या पुस्तकांच्या डिजिटल ग्रंथालयांत मिळतात. त्यापुढे जायचं तर मोडी शिका. सहा महिन्यांत वाचता यायला लागते. अर्थात अठराव्या शतकातल्या घाईत लिहिलेल्या चिठ्ठीपुढे सहा वर्षांनीही घाम फुटतो, तो भाग वेगळा.

डच कागदांबद्दल एक ओळ: हेगच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यातल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या लाखो हस्तलिखित पानांचं वाचन आता संगणकाकडून करून घेतलंय. त्यामुळे ‘विंगुर्ला’ लिहून थेट पानाच्या मजकुरात शोधता येतं. संगणक चुका करतो, पण कुठलं पान उघडायचं एवढं तरी सांगतो.

उतरवून घेताना

माझ्याकडे एका फोल्डरमध्ये सुमारे तीनशे चित्रं आहेत. नावं: डाउनलोड एक, डाउनलोड दोन, डाउनलोड दोन कॉपी. कुठून घेतली, कुणाची, काही माहीत नाही. एका लेखासाठी त्यांतलं एक हवं होतं, आणि ते कुठल्या संग्रहालयाचं हे शोधण्यात अख्खा रविवार गेला. शेवटी ते वापरलंच नाही.

म्हणून फाइल उतरवली की त्याच क्षणी तिचं नाव बदला: संग्रहालयाचं लहान नाव, नोंदणी क्रमांक, दोन शब्दांत विषय. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने करा: क्रमांक, नाव, लिंक, कधी बघितलं, हक्क कोणते. कुठला शब्द टाकून सापडलं तेही लिहा, कारण पुढच्या वेळी तोच शब्द लागणार. आणि जे शोधून मिळालं नाही तेही लिहा, नाहीतर तीन महिन्यांनी तेच स्पेलिंग पुन्हा घालत बसाल.

हक्कांचं थोडक्यात. ‘सीसी झीरो’ किंवा ‘पब्लिक डोमेन’ लिहिलं असेल तर पुस्तकात छापा, टी-शर्टवर छापा, कुणी विचारत नाही. ‘एनसी’ ही अक्षरं दिसली तर धंद्यासाठी चालणार नाही. ब्रिटिश म्युझियमचे बहुतेक फोटो या प्रकारचे आहेत. दिवाळी अंकासाठी घ्यायचं असेल तर तो अंक विकला जातो हे लक्षात ठेवा आणि आधी विचारा. चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं असलं तरी त्याच्या फोटोवर संस्था अटी घालू शकते. हे पटो न पटो, परवानगीचं पत्र लिहायला दहा मिनिटं लागतात.

चूक दिसली तर कळवा

पुष्कळ नोंदी भारताबाहेर बसलेल्या माणसांनी लिहिल्या आहेत, आणि त्यांनी अडकित्ता कधी हातात धरलेला नाही. ‘अनोळखी धातूची वस्तू’ अशा नोंदीखाली मी चक्क आपला शेवयांचा सोऱ्या बघितला आहे. द मेट, ब्रिटिश म्युझियम यांच्या नोंदींच्या खाली चूक किंवा जास्तीची माहिती कळवायची सोय असते. लिहिताना पहिल्या ओळीत नोंदणी क्रमांक द्या. मग काय चुकलंय ते एका वाक्यात. मग तुम्हाला कसं माहीत ते: घरात ती वस्तू असेल तर तिचा फोटो, गावाचं नाव चुकलं असेल तर नकाशावरची जागा, देवळाचा आजचा फोटो त्याच कोनातून काढलेला. इंग्रजी साधं चालतं. उत्तराला महिनाभर लागतो, कधी येतच नाही. माझ्या सोऱ्याचं अजून आलेलं नाही. क्रमांक वहीत आहे, दर दिवाळीला एकदा नोंद उघडून बघतो.